सात वर्षं म्हणजे नेमकी किती वर्षं?

हॉलिवूडच्या वॉर्नर ब्रदर्स स्टुडिओशी अभिनेत्री ऑलिव्हिया डी हॅव्हिलंडने केलेला करार ५ मे १९३६ पासून लागू झाला आणि तो होता जास्तीत जास्त सात वर्षांचा. म्हणजे भिंतीवरच्या कॅलेंडरप्रमाणे ५ मे १९४३ ला ती मोकळी झाली. स्टुडिओच्या वहीत मात्र तिच्या नावावर अजून जवळपास पंचवीस आठवडे बाकी निघत होते. मधल्या काळात तिने एखादी भूमिका करायला नकार दिला की तिचा पगार बंद व्हायचा, आणि ते बिनपगारी दिवस स्टुडिओने मोजून कराराच्या शेवटाला जोडून ठेवले होते.

आता खरं कोणाचं धरायचं, कॅलेंडरचं की वहीचं? हा प्रश्न घेऊन ती कोर्टात गेली. तेव्हा तिचं वय सत्तावीस होतं.

आपल्याकडे जुने इंग्रजी सिनेमे पाहणाऱ्यांना ती आठवते ती ‘गॉन विथ द विंड’मधली मेलनी म्हणून. मृदू, सोशिक, कोणाचंही वाईट न चिंतणारी. कॅलिफोर्नियातले वकील तिला वेगळ्याच कारणाने ओळखतात. तिथल्या कामगार कायद्यातल्या २८५५ व्या कलमाला आजही बोलताना ‘डी हॅव्हिलंड लॉ’ म्हणतात. मेलनीचं काम करणाऱ्या बाईचं नाव कामगार कायद्याला कसं चिकटलं, ते या लेखात सांगायचं आहे. तिचे पुरस्कार, तिची लग्नं, बहिणीशी असलेलं वितुष्ट यांवर पुष्कळ लिहिलं गेलंय. मला त्या सगळ्यापेक्षा ही कराराची गोष्ट मोठी वाटते, आणि ती समजली की तिची कारकीर्दही नीट समजते.

पगारी नट

आज नट सिनेमागणिक पैसे ठरवतो, पटलं तर काम घेतो, नाही पटलं तर सोडतो. १९३० च्या दशकातल्या हॉलिवूडमध्ये असं नव्हतं. एमजीएम, पॅरामाउंट, वॉर्नर ब्रदर्स, ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स आणि आरकेओ या पाच बड्या कंपन्या सिनेमे स्वतः बनवायच्या, स्वतः वितरित करायच्या आणि स्वतःच्याच मालकीच्या थिएटरांत लावायच्या. थिएटरं भरलेली राहायची तर सतत नवा सिनेमा हवा. त्यामुळे स्टुडिओ हा एक कारखानाच झाला होता. सुतार, शिंपी, लेखक, कॅमेरामन, दिग्दर्शक सगळे पगारावर असायचे, आणि नटनट्याही पगारावरच. पगार ठरायचा आठवड्याच्या हिशेबाने.

नटाकडून लिहून घेतल्या जाणाऱ्या कराराला ‘सात वर्षांचा करार’ म्हणत, पण ती सात वर्षं बंधनकारक होती फक्त नटाला. करार मुळात बावन्न आठवड्यांचा. ते संपत आले की आणखी बावन्न आठवडे चालू ठेवायचा की नाही, हे एकटा स्टुडिओ ठरवणार. असं लागोपाठ सहा वेळा. नट चालला नाही, तर वर्षाच्या शेवटी त्याच्या हातात नारळ. चालला, तर त्याने ठरलेल्या पगारवाढीवर गप्प काम करायचं, मग त्याच्या नावावर तिकीटबारीवर कितीही रांगा लागोत. नट स्वतःहून निघून जाऊ शकत नव्हता.

नोकरीला लागताना दोन वर्षांचा बाँड लिहून दिलेल्यांना यातला अर्धा भाग लगेच कळेल. उरलेला अर्धा भाग जास्त जाचक होता. कोणत्या सिनेमात कोणतं काम करायचं, यात नटाला काही म्हणता येत नसे. पटकथा हातात आली की सेटवर हजर व्हायचं. नकार दिला तर स्टुडिओ त्याला निलंबित करायचा. निलंबन म्हणजे पगार बंद, दुसरीकडे काम करायलाही बंदी, आणि जेवढे आठवडे असे बसून जातील तेवढे कराराच्या मुदतीत वाढायचे. नटाने नाकारलेलं काम दुसऱ्या कोणाकडून पूर्ण करून घेईपर्यंतचा सगळा काळ स्टुडिओ यात धरू शकत असे.

याशिवाय उसनवारी होती. एका स्टुडिओला दुसऱ्याकडचा नट हवा असेल तर तो उसना मागायचा. त्याबद्दल मिळणारी रक्कम मूळ स्टुडिओच्या तिजोरीत जायची आणि नटाला त्याचा नेहमीचा पगार मिळायचा. मधला फरक हा स्टुडिओचा नफा. एखाद्या लोकप्रिय नटीला असं बाहेर पाठवलं की घरी एक फूट रीळ न फिरवता पैसे जमा होत.

पगारी नटांची पद्धत आपल्यालाही परकी नाही. आपल्याकडे प्रभात आणि बॉम्बे टॉकीज याच धर्तीवर चालत. करारावरून खटका उडाल्यावर १९३९ मध्ये शांता आपटे यांनी पुण्यात प्रभातच्या फाटकापाशी उपोषण केलं होतं. ‘कुंकू’च्या नायिकेने स्टुडिओच्या दारात उपाशी बसावं, ही त्या काळी केवढी मोठी गोष्ट असेल! म्हणजे ऑलिव्हियाच्या वकिलाने कोर्टाची पायरी चढण्याआधी चार वर्षं इकडे एका मराठी अभिनेत्रीने तोच प्रश्न आपल्या पद्धतीने मांडला होता.

टोकियोत जन्म, कॅलिफोर्नियात शाळा

ऑलिव्हियाचा जन्म १ जुलै १९१६ चा, टोकियोतला. आईवडील ब्रिटिश. वडील वॉल्टर टोकियोत पेटंटची वकिली करत, आई लिलियन रंगभूमीवर काम केलेली. दुसऱ्या महायुद्धात नावाजलेली ‘मॉस्किटो’ विमानं ज्यांच्या कंपनीने बनवली ते जेफ्री डी हॅव्हिलंड तिच्या वडिलांकडच्या नात्यातले. तिची धाकटी बहीण जोन पुढच्याच वर्षी जन्मली. ही जोन म्हणजेच पुढे जोन फाँटेन या नावाने प्रसिद्ध झालेली अभिनेत्री. १९१९ मध्ये मुलींची तब्येत बरी नसल्याने आई त्यांना घेऊन जपानहून निघाली आणि कॅलिफोर्नियातल्या साराटोगा या छोट्या गावात राहिली. वडील जपानला परतले. पुढे घटस्फोट झाला.

साराटोगात हौशी नाटकांत कामं करत असताना ऑलिव्हियाला मॅक्स राइनहार्ट या नामवंत दिग्दर्शकाच्या मोठ्या प्रयोगात शिरकाव मिळाला. १९३४ मध्ये राइनहार्ट हॉलिवूड बोलच्या खुल्या रंगमंचावर शेक्सपिअरचं ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’ करत होते. त्यातल्या हर्मियाच्या भूमिकेसाठी ऑलिव्हिया ही राखीव नटीचीही राखीव होती. प्रयोगाच्या तोंडावर मुख्य नटी काम सोडून गेली, पहिली राखीव नटीही सोडून गेली, आणि अठरा वर्षांची ही मुलगी थेट मंचावर उभी राहिली. वॉर्नर ब्रदर्सने त्या नाटकाचा सिनेमा करायला घेतला आणि नोव्हेंबर १९३४ मध्ये तिला करारावर घेतलं. पगार आठवड्याला २०० डॉलर. मंदीच्या दिवसांत एका अठरा वर्षांच्या मुलीला ही रक्कम केवढी वाटली असेल! १९३६ मध्ये या कराराच्या जागी नवा करार झाला. पुढचं सगळं भांडण त्या दुसऱ्या करारावरून झालं.

१९३५ च्या ‘कॅप्टन ब्लड’मध्ये तिची जोडी एरल फ्लिनशी जमवली गेली. प्रेक्षकांना ती इतकी आवडली की दोघांनी एकूण आठ सिनेमे एकत्र केले. १९३८ चा ‘द ॲडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड’ आजही बघवतो आणि त्यातले रंग आजही ताजे वाटतात. पण त्यातलं तिचं काम काय? तलवारबाजी फ्लिन करणार, संवाद फ्लिन मारणार, आणि हिने तटबंदीवरून काळजीने बघायचं. स्टुडिओला तिच्याकडून तेच हवं होतं, कारण ते विकलं जात होतं. तिला मात्र आपल्याला यापेक्षा जास्त येतं याची खात्री होती.

‘गॉन विथ द विंड’च्या वेळी हे उघड झालं. तो सिनेमा वॉर्नरचा नव्हता, डेव्हिड सेल्झनिक या स्वतंत्र निर्मात्याचा होता. मेलनीसाठी सेल्झनिकला ती पसंत पडली, पण जॅक वॉर्नर तिला उसनं द्यायला तयार होईना. मग तिने वॉर्नरच्या बायकोला, ॲन वॉर्नरला, चहाला बोलावलं आणि आपली बाजू सांगितली. ॲनने नवऱ्याचं मन वळवलं. स्वतःला मिळालेलं काम करता यावं म्हणून मालकाच्या बायकोकडे रदबदली करावी लागावी, यावरून त्या कराराची पकड किती होती ते कळतं.

मेलनीसाठी तिला सहायक अभिनेत्रीचं ऑस्कर नामांकन मिळालं. पुरस्कार त्याच सिनेमातल्या हॅटी मॅकडॅनियलला गेला. ऑस्कर मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय कलावंत. त्यानंतर ऑलिव्हिया वॉर्नरकडे परत आली आणि पुन्हा तीच दुय्यम कामं समोर आली. १९४१ मध्ये तिला पॅरामाउंटकडे उसनं पाठवलं गेलं, तिथल्या ‘होल्ड बॅक द डॉन’साठी प्रमुख अभिनेत्रीचं नामांकन मिळालं. त्या वर्षी पुरस्कार तिच्या सख्ख्या बहिणीला मिळाला. वर्तमानपत्रांना बहिणींच्या भांडणाचा विषय कायमचा मिळाला. माझं लक्ष मात्र दुसरीकडे जातं. ही दोन्ही नामांकनं तिला उसनवारीवर असताना मिळाली होती. ज्या स्टुडिओचा तिच्यावर हक्क होता, तिथल्या कामासाठी नव्हे.

मग ती भूमिका नाकारू लागली. नकार, निलंबन, बिनपगारी आठवडे, पुन्हा कामावर. असं अनेकदा झालं.

पंचवीस आठवड्यांचं गणित

इथे जरा थांबून हिशेब करू, कारण सगळा खटला यावरच उभा आहे. ५ मे १९४३ च्या पुढे पंचवीस आठवडे मोजले तर ऑक्टोबर संपत येतो. वरवर पाहता सहा महिन्यांचाच प्रश्न. एवढ्यासाठी कोणी हॉलिवूडच्या बड्या मालकाशी वैर कशाला घेईल?

पण त्या सहा महिन्यांत स्टुडिओने तिला पुन्हा एखादं न पटणारं काम दिलं असतं. तिने नाकारलं असतं तर पुन्हा निलंबन, म्हणजे आणखी काही आठवडे. ते भरताना पुन्हा एक पटकथा, पुन्हा नकार, पुन्हा भर. मुदत कधी संपणार हे सांगणं अशक्य होतं. सुटका हवी तर एकच वाट होती, मिळेल ते काम मुकाट्याने करायचं. आणि वाईट कामं करत राहिलं की नटीचा भाव पडतो, मग बाहेर पडूनही कोण विचारणार?

व्याज मुद्दलात मिळवत जाणाऱ्या सावकाराची वही ज्यांनी पाहिली किंवा ऐकली आहे, त्यांना ही रचना ओळखीची वाटेल. ऑलिव्हिया गरीब नव्हती, तिचे हाल शेतमजुराचे नव्हते, हे सांगायलाच हवं. पण गाठ मारण्याची रीत तीच होती.

हा जाच तिच्या एकटीचा नव्हता. वॉर्नरकडच्याच बेटी डेव्हिसने १९३६ मध्ये असाच वैताग येऊन इंग्लंड गाठलं आणि तिथे दुसऱ्या निर्मात्याकडे काम करायचं ठरवलं. वॉर्नरने लंडनच्या कोर्टात तिला अडवलं आणि ती हरली. तिथल्या न्यायाधीशांचं म्हणणं थोडक्यात असं की कोर्ट तुम्हाला स्टुडिओसाठी काम करायला भाग पाडणार नाही, पण करार चालू असताना दुसऱ्याकडे काम करायचं नाही एवढं मात्र बजावू शकतं. सक्ती सरळ केली काय आणि पोटावर पाय देऊन केली काय, नटीच्या दृष्टीने फरक थोडा. डेव्हिस मुकाट परतली.

डेव्हिस हरली आणि डी हॅव्हिलंड जिंकली, याचं कारण बऱ्याच ठिकाणी धैर्य वगैरे सांगितलं जातं. धैर्य दोघींकडेही होतं. फरक वेळेचा होता. डेव्हिसने करार मध्येच मोडला, त्यामुळे कोर्टासमोर ती शब्द मोडणारी ठरली. ऑलिव्हियाने सात वर्षं पूर्ण होऊ दिली आणि मग विचारलं, की आता माझं देणं उरलं आहे का? दुसरं म्हणजे तिने ज्या राज्यात दाद मागितली तिथे एक जुना कायदा होता.

जुनं कलम

तो कायदा तिच्या लक्षात आणून दिला तिचे वकील मार्टिन गँग यांनी. कॅलिफोर्नियाच्या १८७२ च्या दिवाणी कायद्यात अशी तरतूद होती की स्वतःच्या श्रमाचा करार कोणावरही दोन वर्षांपलीकडे लादता येणार नाही. मागचा विचार स्पष्ट आहे. माणूस पैशाच्या अडचणीत आयुष्यभराची चाकरी लिहून देईल, म्हणून कायद्यानेच वरची मर्यादा घालून द्यावी. १९१९ मध्ये ही मर्यादा पाच वर्षांची झाली, १९३१ मध्ये सात वर्षांची, आणि १९३७ मध्ये ते कलम कामगार कायद्यात २८५५ या क्रमांकाने गेलं. म्हणजे ऑलिव्हियाला कुठला नवा कायदा करून घ्यावा लागला नाही. तो होताच. त्याचा अर्थ काय, हे कोर्टाकडून वदवून घ्यायचं राहिलं होतं.

२३ ऑगस्ट १९४३ ला दावा दाखल झाला. स्टुडिओचा बचाव अगदीच टाकाऊ नव्हता. त्यांचे मुद्दे दोन. एक, सात वर्षं म्हणजे सात वर्षांची प्रत्यक्ष सेवा. घरी बसलेले दिवस सेवेत कसे धरणार? दोन, निलंबनाचा काळ पुढे जोडला जाईल हे तिने स्वतः सही करून मान्य केलं होतं. कामाला नकार तिने दिला, आता त्याचाच फायदा घेऊन ती सुटू पाहते.

लॉस एंजेलिसच्या कोर्टाने १९४४ मध्ये तिच्या बाजूने निकाल दिला. वॉर्नरने अपील केलं. ८ डिसेंबर १९४४ ला अपील न्यायालयानेही तिचीच बाजू उचलून धरली, आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने पुढे यात हात घातला नाही. निकाल तिथे पक्का झाला.

अपील न्यायालयाने जे सांगितलं ते सोप्या शब्दांत असं. कायद्यात ‘सेवा सुरू झाल्यापासून सात वर्षं’ असं लिहिलं आहे. वाचणारा सामान्य माणूस वर्षं कॅलेंडरवरच मोजतो. कायदा करणाऱ्यांना ‘कामाची सात वर्षं’ म्हणायचं असतं तर त्यांनी तसं लिहिलं असतं. स्टुडिओचा अर्थ घेतला तर एक करार कितीही दशकं ताणता येईल, आणि मग मर्यादा घालण्याला अर्थच उरत नाही.

तिच्या सहीबद्दल कोर्ट जे म्हणालं ते मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं, कारण इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. आपण सही केली म्हणजे संपलं, असं आपण धरून चालतो. पण काही कायदे असे असतात की ते एका माणसापुरते नसतात, सगळ्या समाजाच्या हितासाठी असतात, आणि त्यांवर दोघांनी आपसात लिहून पाणी सोडता येत नाही. किमान वेतनाचं उदाहरण घ्या. एखाद्या कामगाराने ‘मी त्याहून कमी पगारावर खुशीने काम करीन’ असं लिहून दिलं, तरी मालक सुटत नाही. कारण तशी सूट दिली तर प्रत्येक मालक पहिल्याच दिवशी तेच लिहून घेईल. सात वर्षांची मर्यादा याच जातीची आहे, असं कोर्टाने ठरवलं. कामगार जसजसा अनुभवी आणि कुशल होतो तसतशी त्याला आपल्या कसबाचा जास्तीत जास्त मोबदला मिळवायची संधी हवी, हाही विचार निकालात आहे. नटीला कोर्टाने इथे कामगारांच्याच रांगेत उभं केलं आहे. त्या निकालात मला सगळ्यांत जास्त भावतं ते हेच.

मधली दोन वर्षं

निकाल वाचताना सगळं सोपं वाटतं. ज्या दिवसांत ती हे लढत होती ते दिवस तसे नव्हते. दावा दाखल होताच वॉर्नरने इतर स्टुडिओंना आणि निर्मात्यांना कळवलं की हिला कामावर घेऊ नका, ती आमच्या कराराखाली आहे. जवळपास दोन वर्षं तिला एकाही स्टुडिओचं काम मिळालं नाही. वकिलाची फी मात्र खिशातून चालू होती, एकूण सुमारे १३,००० डॉलर. त्या काळच्या हॉलिवूडमध्ये नायिकेची सत्तावीस-अठ्ठाविसावी वर्षं म्हणजे ऐन उमेदीची, आणि प्रेक्षक चेहरे विसरतात. निकाल विरुद्ध गेला असता तर तिचं करिअर बहुधा तिथेच संपलं असतं.

महायुद्ध चालू होतं. या सक्तीच्या रिकामपणात ती लष्करी रुग्णालयांतल्या जखमी सैनिकांना भेटत फिरली. अलास्का, अल्युशियन बेटं, दक्षिण प्रशांतातली बेटं. त्या दौऱ्यातच तिला न्यूमोनिया झाला आणि तिथल्याच लष्करी रुग्णालयात राहावं लागलं. नंतर जो निकाल लागला त्याचा फायदा गणवेशातल्या नटांनाही झाला. युद्धात गेलेली वर्षं करारातून वजा करून नंतर वसूल करायची वाट आता बंद झाली होती.

सुटल्यावर तिने काय केलं

खटला जिंकून कोणी मोठा नट ठरत नाही. मोकळीक मिळाल्यावर तिने ती कशी वापरली, हे बघितलं की ती स्टुडिओत इतकी का घुसमटत होती ते समजतं.

पॅरामाउंटचा ‘टू ईच हिज ओन’ १९४६ मध्ये आला. लग्नाआधी झालेलं मूल दुसऱ्याकडे सोपवावं लागलेली बाई, आणि पुढे अनेक वर्षं त्या मुलाकडे लांबून बघत राहणं. तरुणपणापासून प्रौढपणापर्यंतचा तो सगळा प्रवास तिने केला आणि पहिलं ऑस्कर मिळवलं. १९४८ च्या ‘द स्नेक पिट’मध्ये ती मनोरुग्णालयातली रुग्ण झाली. त्यासाठी तिने प्रत्यक्ष मनोरुग्णालयांत जाऊन रुग्ण आणि उपचार पाहिले. पडद्यावर ती विस्कटलेली, घाबरलेली, मळकी दिसते. तटबंदीवरून बघणारी सुंदर राजकन्या दहा वर्षांत इथवर आली. माझ्या मते तिचं सर्वांत धाडसी काम हेच, जरी त्याला ऑस्कर मिळालं नाही.

‘द एअरेस’ची कथा तर कराराच्या गोष्टीचाच पुढचा भाग आहे. ब्रॉडवेवर तिने एक नाटक पाहिलं आणि विल्यम वायलर या दिग्दर्शकाला स्वतः सुचवलं की याचा सिनेमा करा. वायलरला पटलं, पॅरामाउंटने हक्क घेतले, आणि १९४९ च्या त्या सिनेमाने तिला दुसरं ऑस्कर दिलं. दहा वर्षांपूर्वी एका भूमिकेसाठी मालकाच्या बायकोला चहाला बोलावणारी नटी आता विषय निवडत होती, दिग्दर्शक निवडत होती. त्यात ती दिसायला साधी, बुजरी, बापाच्या तिरस्काराखाली वाढलेली मुलगी आहे. शेवटी हातात दिवा घेऊन ती जिना चढते आणि खाली दार ठोठावलं जात राहतं. तिचा चेहरा त्या वेळी मऊ अजिबात नसतो. मेलनीची आठवण घेऊन हा सिनेमा बघायला बसणाऱ्याने तो प्रसंग नक्की पाहावा.

१९५० च्या दशकात ती पॅरिसला गेली आणि तिथलीच झाली. सिनेमे कमी होत गेले. १९६४ मध्ये ‘हश… हश, स्वीट शार्लट’मध्ये ती आणि बेटी डेव्हिस समोरासमोर आल्या. वॉर्नरशी लढून हरलेली एक आणि जिंकलेली एक. दोघींची मैत्री तोवर चांगली मुरली होती. पुढच्याच वर्षी ऑलिव्हिया कान महोत्सवाच्या परीक्षक मंडळाची पहिली स्त्री अध्यक्ष झाली.

कायद्याचं पुढे काय झालं

या एका निकालाने स्टुडिओंची सत्ता मोडली, असं उत्साहाच्या भरात लिहिलं जातं. ते पूर्ण खरं नाही. सात वर्षांचे करार त्यानंतरही होत राहिले, फक्त ते सातव्या वर्षी खरोखर संपू लागले. स्टुडिओंना मोठा धक्का बसला तो १९४८ मध्ये, जेव्हा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर बड्या कंपन्यांना आपली थिएटरं वेगळी करावी लागली. त्यात घरोघरी टीव्ही आला. मग एवढे नट पगारावर सांभाळणं परवडेना. १९५० च्या ‘विंचेस्टर ७३’साठी जेम्स स्टुअर्टने ठरलेल्या पगाराऐवजी नफ्यात वाटा घेतला, आणि नटाने आपला भाव आपण ठरवायचे दिवस आले. डी हॅव्हिलंडचा निकाल हा त्या मोठ्या पडझडीतला पहिला निखळलेला दगड होता, असं म्हणणं योग्य ठरेल.

पुढे या कलमाचा आधार गायकांनी जास्त घेतला. ध्वनिमुद्रण कंपन्या वर्षांऐवजी अल्बम मोजून करार करतात, ‘इतके अल्बम द्या मग सुटा’. म्हणजे मोजमाप पुन्हा कॅलेंडरवरून वहीवर. कॅलिफोर्नियात १९८७ मध्ये कायद्यात बदल होऊन या कंपन्यांना एक सवलत मिळाली. गायक सात वर्षांनी बाहेर पडला, तरी न दिलेल्या अल्बमांपोटी कंपनी त्याच्याकडे नुकसानभरपाई मागू शकते. नट, लेखक आणि इतर कामगारांना हे लागू नाही. ही सवलत मला मूळ निकालाच्या विरोधात जाणारी वाटते, कारण ज्याच्या मानेवर भरपाईचा दावा टांगलेला आहे तो मोकळा कसा?

२००८ मध्ये ‘थर्टी सेकंड्स टू मार्स’ या बँडवर ईएमआय कंपनीने ३ कोटी डॉलरचा दावा लावला तो याच वादातून. बँडचं म्हणणं होतं की आमची सात वर्षं कधीच उलटली. पुढच्या वर्षी दोघांत समझोता झाला. बँडचा प्रमुख गायक जॅरेड लेटो स्वतः अभिनेताही आहे. तो पॅरिसमध्ये वृद्ध ऑलिव्हियाला भेटला आणि त्याने तिचे आभार मानले.

ती आणखी एकदा कोर्टात गेली. २०१७ मध्ये एका टीव्ही मालिकेत तिचं पात्र तिच्या परवानगीशिवाय दाखवलं गेलं, आणि ते तोंडाळ, बहिणीला शिवी देणारं दाखवलं, म्हणून तिने एफएक्स वाहिनीवर दावा लावला. दाखल झाला तो तिच्या १०१ व्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या दुसऱ्या जिल्ह्याच्या अपील न्यायालयाने तो फेटाळला. खऱ्या माणसांवर कलाकृती करायचं स्वातंत्र्य त्यांना जास्त महत्त्वाचं वाटलं. या वेळी मला कोर्टाचं म्हणणं पटतं, तरी तिची चीडही पटते. १९४४ मध्ये तिला मोकळं करणारं न्यायालय हेच होतं.

२६ जुलै २०२० ला पॅरिसमधल्या घरी ती झोपेतच गेली. वय १०४. २८५५ वं कलम अजून लागू आहे, आणि त्यातली सात वर्षं अजूनही भिंतीवरच्या कॅलेंडरवर मोजली जातात.